खूण आणि नोंद

तंजावूरच्या राजवाडा परिसरात, सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहात, दोन तऱ्हेची चित्रं आहेत.

पहिली मुळात फ्रान्सची. चौदाव्या लुईचा दरबारी चित्रकार शार्ल ल ब्रूं याने सतराव्या शतकात माणसांचे चेहरे प्राण्यांच्या चेहऱ्यांशेजारी मांडले. हा घुबडासारखा, हा बैलासारखा, हा सिंहासारखा; आणि त्या चेहऱ्यावरून माणसाचा स्वभाव ओळखायचा. दुसरी चित्रं तंजावुरातच काढलेली. तंजावूरचे मराठी राजे सरफोजी दुसरे यांच्या काळातली, रोगट डोळ्यांची. त्यांच्यासोबत रोग्यांच्या नोंदी आहेत: काय होत होतं, काय केलं, पुढे काय झालं.

ल ब्रूंची चित्रं पाहताक्षणी पटतात. रेषा इतकी सफाईदार की शंका घ्यायला मन धजत नाही. त्या चेहऱ्यांच्या माणसांचं पुढे काय झालं, हे मात्र कुणी जाऊन पाहिलं नाही. डोळ्यांच्या चित्रांना काही पटवायचं नाही. त्यांना एवढंच सांगायचं आहे की या माणसाचा हा डोळा तेव्हा असा होता.

एक खूण पटते म्हणून टिकते. दुसरी तपासता येते म्हणून.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये गेली साठ वर्षं माणसं गाठीतल्या प्रथिनांच्या खुणा शोधत आहेत. कोण जगेल, किती जगेल, कोणाचा आजार उलटेल, हे गाठीलाच विचारायचं. अशा प्रत्येक खुणेपुढे मला हे दोन संग्रह दिसतात आणि एकच प्रश्न पडतो: ही यांतल्या कोणत्या भिंतीवर टांगायची?

*

सरफोजीराजांकडे राज्य फार थोडं होतं. १७९८मध्ये गादी मिळाली आणि १७९९च्या तहाने कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. हाती राहिला तो तंजावूरचा किल्ला, महसुलातला ठरलेला वाटा आणि मोकळा वेळ. या तिन्हींचं त्यांनी जे केलं, ते पाहून मान लवते. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेला हा मराठी राजा संस्कृत, तमिळ, मराठी पोथ्यांबरोबर युरोपातले वैद्यकाचे ग्रंथ मागवीत होता. १८२६मध्ये बिशप रेजिनाल्ड हेबर त्यांना भेटले, तेव्हा राजाच्या बोलण्यात लाव्हाझिए, लिनीअस आणि ब्यूफाँ सहज येत होते, हे त्यांनी लिहून ठेवलं आहे.

धन्वंतरी महाल हा त्यांनी उभारलेला औषधांचा आणि उपचारांचा विभाग. देशी वैद्य आणि पाश्चात्त्य वैद्यक तिथे शेजारी बसले. अनुभवाला उतरलेले औषधी पाठ तमिळ पद्यांत बांधून ठेवले गेले; ते आजही सरभेंद्र वैद्य मुरैगळ या नावाने ओळखले जातात.

याच राजाने १८०३मध्ये बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर आपल्या भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. वंश दगडावर आणि रोगी कागदावर. दगड टिकतोच. कागद टिकवावा लागतो, आणि एका अनोळखी माणसाच्या डोळ्याची नोंद टिकवावी असं एखाद्या राजाला वाटणं ही माझ्या लेखी त्या शिलालेखाहून मोठी गोष्ट आहे.

*

१९६५. माँट्रियल. फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांना आतड्याच्या गाठीत एक प्रथिन सापडलं. गर्भाच्या आतड्यात ते असतं. जन्मानंतर जवळजवळ विझतं. कॅन्सरमध्ये पुन्हा उगवतं. सीईए. वाटलं, खूण मिळाली.

मग धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तातही ते वाढलेलं दिसलं. यकृताच्या आजारात दिसलं, आतड्याच्या सुजेत दिसलं. काही गाठी तर ते बनवतच नाहीत. निरोगी माणसाच्या रक्तात सीईए तपासून कॅन्सर शोधता येत नाही, हे तेव्हापासून ठाऊक आहे. तरी आरोग्य तपासणीच्या पॅकेजात ते नाव आजही दिसतं आणि पाचाच्या वर आकडा गेला की घर झोपत नाही.

सीईएची खरी जागा दुसरी आहे. शस्त्रक्रियेआधी मोजायचं. नंतर चार-सहा आठवड्यांनी मोजायचं. गाठ पुरती निघाली असेल तर आकडा खाली आलेला असतो. मग काही वर्षं, ठरावीक अंतराने, त्याच माणसात मोजत राहायचं. आकडा चढू लागला की आजार परतल्याची शंका घ्यायची. म्हणजे या प्रथिनाची तुलना जगाशी करायची नसते. त्या माणसाच्याच कालच्या आकड्याशी करायची असते.

तीही खूण किती पुरते? ब्रिटनमध्ये सुमारे १२०० रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१४मध्ये आले. नियमित सीईए किंवा सीटी स्कॅन केल्याने परतलेला आजार शस्त्रक्रियेने काढता येण्याजोगा असतानाच जास्त जणांत सापडला. पण एकूण आयुष्यात स्पष्ट फरक दिसला नाही. लवकर कळलं म्हणून जास्त जगलं, असं आपोआप होत नाही.

*

पी-५३ची कथा अधिक बोधाची आहे.

१९७९मध्ये हे प्रथिन सापडलं आणि दहा वर्षं ते कॅन्सर घडवणारं मानलं गेलं. १९८९मध्ये बाल्टिमोरला बर्ट फोगलस्टाइन यांच्या गटाने आतड्याच्याच गाठी तपासून उलटं दाखवलं: हे कॅन्सर रोखणारं प्रथिन आहे, आणि ते बिघडलं की गाठ मोकाट सुटते. आतड्याच्या निम्म्या किंवा त्याहून अधिक कॅन्सरांत त्याचं जनुक बिघडलेलं असतं. बिघडलेलं प्रथिन बहुधा पेशीच्या केंद्रकात साचून राहतं. गाठीचा पातळ काप घ्या, प्रतिपिंड लावा, रंग चढवा. केंद्रकं तपकिरी दिसतात. पाहायला इतकं स्पष्ट की वाटतं, हेच ते. तपकिरी म्हणजे कमी आयुष्य.

शेकडो निबंध निघाले. काहींनी म्हटलं, पी-५३ साचलेले रुग्ण लवकर जातात. काहींनी म्हटलं, फरक नाही. प्रत्येकाचं प्रतिपिंड वेगळं. कुणी १० टक्के पेशी तपकिरी दिसल्या की होकार धरला, कुणी ५० टक्क्यांवर. रुग्ण थोडे. ज्यांना फरक दिसला ते छापून आले, ज्यांना दिसला नाही त्यांचे कागद कपाटात राहिले. आणि सगळ्यांत मोठा दोष: अनेकदा आधी मृत्यू मोजले गेले आणि फरक जिथे उठून दिसेल तिथे मग सीमारेषा आखली गेली.

ल ब्रूंचा हात इथे पुन्हा दिसतो. चित्र सुंदर आहे, रंग खरा आहे, पेशीही खरी आहे. फक्त पुढे काय झालं, या प्रश्नापुढे चित्र उभं राहत नाही.

२००५मध्ये संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय गटाने अशा निबंधांसाठी नियम घातले. किती रुग्ण होते, किती काळ पाहिले, किती गळाले, सीमारेषा कधी आणि कशी ठरवली, हे सगळं सांगा. विज्ञानाला इतकी साधी गोष्ट लिहून ठेवावी लागली. बरं झालं लिहिली.

२००६मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने आतड्याच्या कॅन्सरच्या खुणांची छाननी केली. सीईए वापरा म्हणाले. पी-५३, रॅस हे जनुक आणि आणखी कितीतरी नावांपुढे लिहिलं: पुरावा अपुरा. त्याच यादीत डीएनएच्या अस्थिरतेचीही एक खूण होती. आज वीस वर्षांनी पी-५३ जवळपास तिथेच थांबला आहे. रॅस आयुष्याच्या भाकितासाठी नव्हे, औषध निवडण्यासाठी तपासला जातो. आणि डीएनएच्या अस्थिरतेच्या त्या खुणेशिवाय आतड्याच्या कॅन्सरचा अहवाल पुरा मानत नाहीत.

‘पुरावा अपुरा’ या शब्दांना मी म्हणूनच मान देतो. त्यांत नकार नाही. त्यांत वाट पाहणं आहे.

*

डीएनएच्या अस्थिरतेची ही खूण समजून घ्यायला सरस्वती महालासारखी जागा नाही. पोथीची नक्कल करणारा लेखक चुकतो. अक्षर गळतं, ओळ दोनदा येते. मागून कुणी मूळ प्रतीशी ताडून शोधणारा बसतो आणि समासात दुरुस्ती करतो. पेशी विभागताना डीएनएचीही नक्कल होते, तिथेही चुका होतात, आणि तिथेही शोधणारे आहेत. चार प्रथिनं: एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६. जोडीजोडीने काम करतात. यांतलं एखादं नाहीसं झालं की चुका साचत जातात.

या खुणेची गंमत अशी की इथे काय दिसतं यापेक्षा काय दिसत नाही हे पाहायचं. गाठीच्या पेशींची केंद्रकं कोरी आणि शेजारच्या निरोगी पेशींची तपकिरी, तर प्रथिन हरवलं. निरोगी पेशी तिथेच साक्षीला असतात. शेजारीही कोरी दिसली, तर चूक रंगवण्यात आहे. पी-५३मध्ये ‘किती’ यावर वाद होता. इथे प्रश्न बहुधा आहे की नाही एवढाच. चांगली खूण पाहणाऱ्याला फार मत मांडू देत नाही.

जगभरच्या नोंदींत साधारण १०० पैकी १५ आतड्याच्या कॅन्सरांत हा बिघाड आढळतो. शरीरभर पसरलेल्या आजारात त्याहून पुष्कळ कमी, पाचाच्या आसपास. हा फरकच काहीतरी सांगून गेला: या गाठी कमी पसरतात. दुसऱ्या टप्प्यातल्या रुग्णांत यांतलं एखादं प्रथिन नाहीसं असेल तर पुढची वाट बरी असते, आणि नुसत्या फ्लुरोयुरॅसिलच्या किमोने त्यांना फायदा होत नाही. म्हणजे एका माणसाची किमो वाचते.

बिघाड आणि वाट बरी, हे कसं? चुका इतक्या होतात की गाठीची प्रथिनं शरीराला परकी दिसू लागतात आणि रोगप्रतिकारक पेशी आत शिरतात. गाठ त्यांना थोपवून धरते. ते थोपवणं मोडणारी औषधं आली आणि या खुणेचं मोल पालटलं. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, हा बिघाड असलेल्या आणि आजार पसरलेल्या रुग्णांत, यांतल्या पेम्ब्रोलिझुमॅब या औषधाने आजार पुढे सरकेपर्यंतचा मध्यक काळ १६.५ महिने होता, किमोने ८.२. २०२२मध्ये न्यूयॉर्कहून बातमी आली: असा बिघाड असलेल्या गुदाशयाच्या कॅन्सरचे पहिले १२ रुग्ण, औषध डोस्टारलिमॅब, आणि बाराही जणांची गाठ दिसेनाशी झाली. शस्त्रक्रिया नाही, किरणोपचार नाहीत.

भाकीत सांगणारी खूण पुष्कळांकडे असते. उपचार बदलणारी खूण थोडी. रुग्णाच्या उपयोगाची तीच.

आणि ही खूण रुग्णापाशी थांबत नाही. काहींत यांतलं एखादं प्रथिन उतारवयात आपोआप बंद पडलेलं असतं. काहींत मात्र बिघाड आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असतो. त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. तसं असेल तर प्रत्येक भावंडाला आणि प्रत्येक मुलाला तो आलेला असण्याची शक्यता निम्मी. एका गाठीचा काप एका घराण्याबद्दल बोलतो. बृहदीश्वराच्या भिंतीवरच्या वंशावळीत कोण कधी गादीवर बसलं ते आहे. कोण कशाने गेलं हे घराघरातल्या आज्यांना ठाऊक असतं, आणि वैद्यकाला हवी असते ती ही दुसरी वंशावळ.

*

जगण्याचा आलेख पायऱ्यांचा असतो. एडवर्ड कॅपलन आणि पॉल मायर यांनी १९५८मध्ये तो काढायची रीत घालून दिली. डावीकडे वर सगळे जिवंत. प्रत्येक मृत्यूला एक पायरी खाली. मधूनमधून त्या रेघेवर बारीक उभी खूण असते. ती म्हणजे असा माणूस, ज्याच्याबद्दल इथपर्यंतच ठाऊक आहे. काही जण अभ्यास संपेपर्यंत जिवंत होते म्हणून ती खूण. काही जण मात्र नुसते यायचे थांबले.

यायचे का थांबले? बरे झाले म्हणून. गाडीभाडं संपलं म्हणून. शेत विकलं म्हणून. गेले म्हणून. आलेखाला हे चारही सारखेच. आपल्याकडच्या रुग्णालयांच्या नोंदींत या बारीक खुणा फार असतात, आणि जिथे त्या फार, तिथे कुठल्याही प्रथिनाचं भाकीत पोकळ. रंगवण्याचं तंत्र परदेशातून विकत आणता येतं. आपल्या माणसांचं पुढे काय झालं, हे बाहेरून आणता येत नाही.

म्हणून मला बार्शी मोठी वाटते. सोलापूर जिल्ह्यातलं हे गाव; १९८७मध्ये इथे देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा, भूम या तालुक्यांतली खेडी. शहरात नोंदणी करणारा रुग्णालयात जाऊन कागद पाहतो. बार्शीत ते पुरणार नव्हतं, कारण माणूस रुग्णालयापर्यंत पोचतच नव्हता. मग कार्यकर्ते गावोगाव गेले. पारावर बसले, माहिती सांगितली, लक्षणं असलेल्यांना तपासणीला आणलं. पुढे वर्षानुवर्षं परत जाऊन विचारलं: कसे आहेत? आहेत का?

या विचारण्याने नोंद तर झालीच, आजारही बदलला. गर्भाशयमुखाचा कॅन्सर या भागात आधीच्या टप्प्यावर सापडू लागला आणि त्या बायका जास्त जगू लागल्या. कुठलंही नवं प्रथिन सापडलेलं नव्हतं. कुणीतरी दारात येऊन विचारलं होतं.

धन्वंतरी महालातली नोंद आणि बार्शीची नोंद यांच्यामध्ये दीडशेहून अधिक वर्षं आहेत. जात एकच.

*

आपल्या घरांत अहवाल आधी मुलाच्या हाती पडतो. तो डॉक्टरांना दाराबाहेर गाठतो आणि विचारतो, किती दिवस? आत बसलेल्याला कुणी काही सांगत नाही. तो चेहऱ्यांवरून ओळखतो. चेहऱ्यावरून ओळखण्याची वेळ रुग्णावर येऊ नये.

तंजावूरहून कावेरीच्या मुखाकडे गेलं की वैदीश्वरन कोईल लागतं. शिव तिथे वैद्य आहे. रोगी आणि त्यांची माणसं दर्शनाला येतात, आणि त्याच गावात ताडपत्रांच्या नाडीपट्ट्या वाचल्या जातात. पट्टीपुढे बसलेल्या माणसाची भीती खरी असते, तिला कुणी हसू नये. पट्टी त्या एकट्याबद्दल बोलते. त्याच्यासारख्या शंभरांचं काय झालं, ते तिच्यात नसतं. प्रयोगशाळेच्या अहवालाचं नेमकं उलट. तो शंभरांबद्दल बोलतो. समोरचा एक त्या शंभरांत कुठे उभा आहे, ते त्यात नसतं.

जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२मध्ये पोटाच्या अस्तराचा दुर्मीळ कॅन्सर निघाला. मध्यक आयुष्य आठ महिने, असं त्यांनी वाचलं. मध्यक म्हणजे निम्मे आधी जातात, निम्मे नंतर. आणि त्या दुसऱ्या निम्म्यांची शेपटी किती लांब जाते हे तो आकडा सांगत नाही. गूल्ड त्यानंतर वीस वर्षं जगले. अशी माणसं थोडी असतात, हेही त्याच आलेखात असतं. आशा दाखवताना हे झाकू नये.

मग डॉक्टरांनी सांगायचं काय? माझ्या मते एवढं: तुमच्यासारख्या शंभरांपैकी साधारण इतके जण पाच वर्षांनी असतात, तुम्ही त्यांत असाल की नाही ते मला ठाऊक नाही, आणि या खुणेमुळे तुमच्या उपचारात हे बदलेल. तिसरं वाक्य नसेल तर पहिली दोन सांगायची घाई करू नये.

*

डॉ. वसंत रामजी खानोलकर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणाऱ्या या माणसाने १९४५मध्ये लिहिलं की धोतर कमरेला घट्ट बांधलं जातं तिथल्या त्वचेला कॅन्सर होताना दिसतो. काचपट्टीवरून नजर उचलून रोग्याच्या कमरेकडे पाहणारा पॅथॉलॉजिस्ट आजही हवा आहे.

कारण आतड्याच्या कॅन्सरमध्ये सगळ्यांत भरवशाचं भाकीत अजूनही प्रथिनं करीत नाहीत. गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली, लसिकाग्रंथींत पोचली का, दूर पसरली का, हेच ते. कथबर्ट ड्यूक्स यांनी १९३२मध्ये लंडनला यांतल्या पहिल्या दोन गोष्टींच्या पायावर टप्पे पाडले आणि तो पाया हललेला नाही. काढलेल्या आतड्याबरोबरच्या निदान १२ लसिकाग्रंथी तपासाव्यात असा दंडक आहे. सहाच तपासल्या आणि सहाही स्वच्छ निघाल्या, तर आजार पसरला नव्हता की शोधला गेला नाही? बाराचा हा आकडा गाठीबद्दल फारसं सांगत नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्या आणि तपासणाऱ्या हातांबद्दल सांगतो. तरी आयुष्याशी त्याचा संबंध आहे. तसंच फॉर्मॅलिनचं. काढलेला तुकडा वेळेवर, पुरेशा फॉर्मॅलिनमध्ये पडला नाही, तर पुढे लाखाची तपासणी करूनही रंग खोटं बोलेल.

टाटा मेमोरियलच्या अनुभवात आतड्याचा कॅन्सर घेऊन येणारा रुग्ण पाश्चात्त्य रुग्णापेक्षा बराच तरुण असतो, गुदाशयाच्या गाठींचं प्रमाण जास्त असतं, आणि तो उशिरा येतो. तिकडच्या साठी-सत्तरीतल्या रुग्णांवर बेतलेली खूण इकडच्या चाळिशीतल्या माणसाला तशीच लागू पडेल, असं गृहीत धरणं हाही एक प्रकारचा ल ब्रूंपणाच.

आणि पैसा. खूण सापडली, औषध आहे, परवडत नाही. ही वाट बंद झाल्यासारखी वाटते. मुंबईत टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी ती थोडी उघडून दाखवली, आतड्याच्या नव्हे, डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये. त्याच तऱ्हेच्या निवोलुमॅब या औषधाची नेहमीच्या मात्रेच्या दहा टक्क्यांहूनही कमी मात्रा इतर औषधांना जोडली. वर्षानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. २०२२मध्ये हे प्रसिद्ध झालं. इतरांनी ठरवलेली मात्रा आपल्या रोग्यांवर तपासून पाहणं, हे धन्वंतरी महालाचंच काम आहे.

*

तंजावूरच्या शेजारी पुदुक्कोट्टई. तिथल्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांची धाकटी बहीण गुदाशयाच्या कॅन्सरने गेली. त्या दुःखातून त्यांनी कॅन्सरच्या रुग्णालयाचा ध्यास घेतला, तीस वर्षं धरून ठेवला, आणि १९५४मध्ये मद्रासच्या अड्यारला कॅन्सर इन्स्टिट्यूट उभी राहिली. तेव्हा या चार प्रथिनांतलं एकही ठाऊक नव्हतं.

आज ठाऊक आहेत. म्हणून वाचणाऱ्याला हात जोडून काही सांगायचं आहे. शौचावाटे रक्त जात असेल तर मूळव्याध म्हणून महिनोन्महिने मलम लावत बसू नका. वय तरुण असलं तरी डॉक्टरांकडून गुदाशय तपासून घ्या. घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर निघाला, तर किती लसिकाग्रंथी तपासल्या आणि चार प्रथिनांची तपासणी झाली का, हे विचारा. गाठीचा मेणाचा ब्लॉक आणि काचपट्ट्या कुठे आहेत ते माहीत करून घ्या, पुढे लागतात. एखादं प्रथिन नाहीसं निघालं, तर ते वंशातून आलंय का हे डॉक्टरांना विचारा आणि भावंडांपासून लपवू नका. लग्न जमायचं राहील या भीतीने लपवलेला अहवाल पुढच्या पिढीत गाठ होऊन समोर येतो.

आणि उपचार संपल्यावर वर्षा-दोन वर्षांनी रुग्णालयातून फोन येईल: रुग्ण कसे आहेत? तो फोन उचला. माणूस गेलं असेल तर तेही सांगा, आणि तारीख सांगा.